सफरचंदाखालची नाणी: सेझानच्या गावात पाच दिवस

तीस वर्षं मी कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांची स्थिरचित्रं तपासताना माझी लाल पेन्सिल सगळ्यात आधी जायची ती टेबलाच्या कडेवर. कड वाकडी? मार्क गेले. तांब्याचं तोंड वरून बघितल्यासारखं गरगरीत गोल आणि बूड समोरून बघितल्यासारखं सपाट? आणखी गेले. आणि त्याच तीस वर्षांत, स्टाफरूममधल्या माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं कॅलेंडरचं एक पान चिकटवलेलं होतं. त्यातलं टेबल पार कललेलं, सफरचंदं आत्ता घरंगळतील अशी. चित्रकार पॉल सेझान. हा विरोधाभास कुणी कधी विचारला नाही, मीही स्वतःला विचारला नाही.

लेक पॅरिसला नोकरीला आहे. दसरा उरकून आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, आणि मी हट्टच धरला की आयफेल टॉवर राहू दे, मला एक्सला जायचंय. एक्स-आँ-प्रोव्हान्स, दक्षिण फ्रान्स, सेझानचं जन्मगाव. २०२५ हे साल गावानं सेझानचं म्हणून साजरं केलं. स्टुडिओ दुरुस्त होऊन उघडला होता आणि ग्राने संग्रहालयातलं मोठं प्रदर्शन १२ ऑक्टोबरला संपत होतं. तिकिटं सगळी लेकानं काढली. आमचे हे सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, चित्रांशी त्यांचा संबंध एवढाच की माझ्या फ्रेमांचे खिळे ते ठोकतात. "येतो मी, पण मला समजावत बसू नकोस," या अटीवर आले.

पहिला दिवस: टोपीवाल्याचा पोर

पॅरिसहून वेगवान गाडीनं तीन तास. एक सांगून ठेवते: एक्सचं हे स्टेशन गावात नाही, माळावर आहे. तिथून गावात यायला बस धरावी लागते. हातात सामान घेऊन "चालत जाऊ" वगैरे म्हणू नका.

ऊन असं की ऑक्टोबर वाटेना. कूर मिराबो हा गावातला मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंना प्लेन वृक्षांची प्रचंड झाडं, खोडं चट्ट्यापट्ट्यांची, खाली खुर्च्या टाकून बसलेली माणसं. रस्त्याच्या मधोमध एक कारंजं आहे, पण ते कारंजं वाटतच नाही. शेवाळाचा भला थोरला गोळा, त्यातून पाणी झिरपतंय. ह्यांनी सवयीनं हात धुवायला पुढे केला आणि ओरडले, "अगं, कोमट आहे!" गरम झऱ्याचं पाणी आहे ते. रोमन लोकांनी हे गाव वसवलं ते या झऱ्यांमुळेच. "म्हणजे वज्रेश्वरी," ह्यांनी निकाल दिला.

फुटपाथवर जागोजागी पितळेच्या गोल बिल्ल्या ठोकलेल्या आहेत, त्यांवर इंग्रजी सी अक्षर. त्यांच्या मागं चालत गेलं की सेझानच्या आयुष्यातली घरं, शाळा, चर्च असं सगळं लागतं. ५५ नंबरच्या इमारतीवर मान वर करून बघा. भिंतीवर पुसट अक्षरं आहेत, टोप्यांच्या दुकानाची पाटी. हे सेझानच्या वडिलांचं दुकान. लुई-ओग्युस्त सेझान टोप्या विकता विकता सावकारी करायला लागले आणि १८४८ मध्ये एका भागीदाराबरोबर त्यांनी गावातली बुडालेली बँक विकत घेऊन स्वतःची सुरू केली.

इथून पुढे आमच्या ह्यांना सहलीत रस आला. "टोप्यांतून बँक? हुशार माणूस." मग मी सांगितलं की मुलाला वकिलीला घातलं, ती त्यानं दोन वर्षांत सोडली आणि १८६१ मध्ये पॅरिसला चित्रं काढायला गेला. वडील महिन्याला पैसे पाठवत राहिले. सेझान चाळिशी उलटली तरी त्याच पैशावर जगत होता. ओर्तांस फिके नावाच्या बाईबरोबर राहायचा, १८७२ मध्ये मुलगा झाला, आणि हे सगळं वडिलांपासून लपवलं, का तर पैसे बंद होतील. १८७८ मध्ये वडिलांनी मुलाच्या नावाचं एक पत्र फोडलं आणि बिंग फुटलं. रक्कम कापली. तेव्हा शाळेतला मित्र, कादंबरीकार एमिल झोला ओर्तांसला दरमहा ६० फ्रँक पाठवायचा.

"बाप बरोबर होता," हे म्हणाले. कॉफी येईपर्यंत त्यांनी बापाची बाजू लावून धरली. मला उत्तर सुचेना, कारण खरंच, असा मुलगा आपल्या घरात असता तर?

दुसरा दिवस: लोव्हच्या टेकडीवर

स्टुडिओची वेळ सकाळची होती. रस्ता चढाचा, जुन्या गावापासून चालत पंचवीस मिनिटं. गुडघे दुखत असतील तर बस आहे. आम्ही चाललो, कारण सेझान चालायचा. र्‍यू बुलगाँवरच्या भाड्याच्या घरातून पहाटे निघायचा, सहाच्या सुमाराला कामाला लागायचा, जेवायला खाली, आणि दुपारी पुन्हा बाहेर उघड्यावर. साठी उलटलेला, मधुमेह झालेला माणूस. १९०१ मध्ये त्यानं ही जागा घेतली, १९०२ मध्ये स्टुडिओ बांधून झाला. मरेपर्यंत चारच वर्षं त्याला तो मिळाला.

खोली वरच्या मजल्यावर आहे. उत्तरेकडची सगळी भिंत म्हणजे एक अवाढव्य खिडकी. दक्षिणेच्या उन्हात राहणाऱ्या माणसानं उत्तरेचा थंड, न बदलणारा उजेड मागितला हे आम्हा चित्रकलावाल्यांना लगेच कळतं. भिंती करड्या. आणि कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला, भिंतीत जमिनीपासून वरपर्यंत एक अरुंद उभी फट. टपालपेटीला असते तशी, फक्त माणसापेक्षा उंच. स्नान करणाऱ्या बायकांची त्याची मोठी चित्रं जिन्यातून उतरेनात, म्हणून ती बाहेर सरकवायला केलेली. या फटीशी मी बराच वेळ उभी होते. संग्रहालयात असलं काही दिसत नाही. तिथं चित्र भिंतीवर असतं, ते घराबाहेर कसं निघालं हे कोण सांगणार?

फळीवर वस्तू. मी तीस वर्षं ओळखते त्या: प्लास्टरचा बिनहातांचा मदन, कवट्या, हिरवी ऑलिव्हची बरणी, काथ्यानं विणलेलं आल्याच्या मुरंब्याचं भांडं. खुंटीला कोट. सगळं किती लहान! चित्रात ती बरणी देवळाच्या घुमटासारखी वाटते, इथं ती आपल्या लोणच्याच्या बरणीएवढी. ह्यांनी टेबल वाकून बघितलं आणि माझ्या कानात म्हणाले, "टेबल तर सरळ आहे की."

तिथल्या मार्गदर्शक मुलीला इंग्रजी चांगलं येत होतं. मी चित्रकला शिकवायचे म्हटल्यावर ती खुलली. सेझान इतका सावकाश काम करायचा की फळं कुजायची आणि फुलं सुकायची, म्हणून तो कागदी फुलं वापरायचा. एका विक्रेत्याला, आंब्रवाझ व्होलारला, त्यानं ११५ वेळा समोर बसवलं आणि तरी ते चित्र अर्धवट सोडलं. मग तिनं मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. सेझान स्थिरचित्र मांडताना फळांच्या खाली नाणी सारायचा. एक, दोन, लागतील तेवढी. फळ कलतं करायचं, थोडं वर उचलायचं, दुसऱ्या फळाला नेमकं भिडवायचं. एका तरुण चित्रकारानं त्याला हे करताना बघून लिहून ठेवलंय.

म्हणजे कललेलं सगळं चुकून कललेलं नव्हतं. हात बसला नव्हता म्हणून नाही, तर पैसे लावून कलवलेलं.

"बापाचे पैसे," हे म्हणाले.

स्टुडिओपासून आणखी वर, वीसेक मिनिटांवर, चित्रकारांची गच्ची म्हणावी अशी एक मोकळी जागा आहे. तिकीट नाही. तिथून सेझानचा लाडका डोंगर, सँत-व्हिक्त्वार, पहिल्यांदा पूर्ण दिसतो. गावातल्या गल्ल्यांतून तो आम्हाला दिसला नव्हता, त्यामुळे पायऱ्या चढून वळलो आणि एकदम समोर. उंची १,०११ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे फार नाही. पण एकटा. चुनखडीचा, राखाडी-पांढरा, एका बाजूनं चढत जाऊन तुटलेला. सेझाननं तेलरंग आणि जलरंग मिळून ऐंशीच्या वर वेळा तो रंगवला.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ जलरंगात तोच डोंगर काढत होते. माझ्याकडची वही बघून त्यांनी सरकून जागा दिली. भाषा एकमेकांना येत नव्हती. मी डोंगराच्या सावलीला निळा लावला, तर त्यांनी मान हलवली आणि आपल्या थाळीतला जांभळट करडा दाखवला. मी तो घेतला. बरोबर होता.

तिसरा दिवस: पिवळ्या खाणी आणि चुकलेली बस

बिबेम्युस म्हणजे एक्सच्या बाहेरच्या जुन्या दगडखाणी. इथं आपल्या मनानं फिरता येत नाही, मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात, आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. बूट चांगले घाला, पाणी न्या. आणखी एक: जून ते सप्टेंबर या डोंगराळ भागात वणव्याच्या भीतीनं वाटा बंद होऊ शकतात, धोक्याच्या इशाऱ्याचा रोजचा रंग बघून ठरतं. आम्ही ऑक्टोबरात गेलो म्हणून निभावलं. १९८९ च्या ऑगस्टमध्ये या डोंगरावर जवळजवळ ५,००० हेक्टर जळालं होतं.

एक्समधली ती मधाच्या रंगाची घरं याच दगडाची. खाणीत शिरलं की दगड मधासारखा राहत नाही, काव आणि हळद कालवल्यासारखा होतो. माणसांनी करवतून काढलेले सरळ कापे, मोठमोठे चौकोन, मध्येच एखादा ठोकळा जणू कुणी उचलायचा विसरला, आणि फटीफटींतून पाइनची हिरवी झाडं. सेझाननं १८९५ पासून इथली एक खोपटी भाड्यानं घेतली होती, सामान ठेवायला.

मला इथं चित्रकार सय्यद हैदर रझा आठवले. आपल्या नागपूरच्या कलाशाळेतले, मग मुंबईच्या जे.जे.तले. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँनी त्यांची चित्रं बघितली आणि सांगितलं की गुण आहेत पण बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा. रझा १९५० मध्ये फ्रान्सला आले ते कित्येक दशकं राहिले. वर्गात मी "बांधणी" हा शब्द उठता-बसता वापरायचे. तो नेमका कसा दिसतो ते या खाणीत दिसलं. झाड, दगड, आभाळ हे सगळं एकाच मापाच्या विटांनी रचल्यासारखं. वस्तू ठोकळ्यांत मोडून दाखवणाऱ्या घनवादाची (क्यूबिझमची) मुळं इथं सांगतात, त्यात आश्चर्य नाही. पाठ्यपुस्तकात मात्र सेझान "उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी" (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) या जडशीळ कप्प्यात बसतो. तो शब्द १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी इंग्रज कलासमीक्षक रॉजर फ्राय यांनी काढला. सेझान जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, त्याला आपलं हे नाव कधी कळलंच नाही.

खाणींवरून पायवाटेनं खाली उतरलो. वाटेत झोला धरण. एमिल झोलाच्या इंजिनिअर वडिलांनी आखलेलं. एमिल सात वर्षांचा होण्याआधीच वडील गेले, धरण नंतर १८५४ मध्ये पुरं झालं. शाळेत परगावच्या या पोराला इतर पोरं मारायची, सेझान मध्ये पडला, आणि दुसऱ्या दिवशी झोलानं त्याला टोपलीभर सफरचंदं आणून दिली, असं सांगतात. पुढे झोलानं १८८६ मध्ये अपयशी चित्रकारावर कादंबरी लिहिली आणि मैत्री तिथंच तुटली, असं मी वर्गात सांगत आले. पण सेझानचं त्याला लिहिलेलं १८८७ चं पत्र अलीकडे सापडलंय. तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांनो, दुरुस्ती करून घ्या.

ल तोलोनेला पोचेपर्यंत मिस्त्राल सुटला. हा इथला उत्तरेचा वारा, आभाळ काचेसारखं लख्ख करतो आणि माणसाला हलवून सोडतो. मी वही उघडली, दुसऱ्याच मिनिटाला पाण्याची वाटी ह्यांच्या पँटवर. पुसापुशीत बस गेली. पुढची कधी, ते फलकावर होतं, पण आम्ही सुट्टीच्या दिवसांचा रकाना वाचला आणि तासभर उभे राहून कळलं की आज ती येणारच नाही. चूक सर्वस्वी आमची.

सहाएक किलोमीटर चालत निघालो. या रस्त्याला आता सेझानचंच नाव आहे. वळणं, पाइन, आणि मागं वळून बघितलं की डोंगर. संध्याकाळी तो आधी गुलाबी झाला, मग शिशासारखा. ह्यांचा गुडघा बोलायला लागला तेव्हा मी त्यांना रमवायला १५ ऑक्टोबर १९०६ ची गोष्ट सांगितली: सेझान उघड्यावर चित्र काढत होता, वादळी पाऊस आला, तो भिजत राहिला, वाटेत कोसळला. धोब्याच्या गाडीत घालून त्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून माळ्याचं चित्र करायला बागेत गेला. आठवड्यात न्यूमोनियानं गेला.

"त्याला निदान धोब्याची गाडी मिळाली," हे म्हणाले. आठ वाजता घरी पोचलो.

चौथा दिवस: बापाचा बंगला

जा द बुफाँ. वडिलांनी १८५९ मध्ये घेतलेली हवेली. तेव्हा गावाबाहेर मळ्यात होती, आता आजूबाजूला इमारती आणि मोटाररस्ता. फाटकातून आत गेलं की मात्र चेस्टनटची झाडं, दगडी सिंह असलेलं तळं, आणि आवाज बंद. पोराला चित्रकार होऊ देणार नाही म्हणणाऱ्या बापानं दिवाणखान्याच्या भिंती त्याच्या ताब्यात दिल्या होत्या. पोरानं त्यावर चार ऋतू रंगवले आणि चेष्टेत खाली सही केली "आंग्र", म्हणजे त्या काळच्या सगळ्यात प्रतिष्ठित चित्रकाराची. ते तुकडे नंतर कापून पॅरिसला गेले. २०२३ मध्ये दुरुस्ती करताना पलिस्तराखाली आणखी रंगकाम निघालं.

ह्यांनी त्या भिंतीकडे बराच वेळ बघितलं. "मी नसत्या दिल्या," म्हणाले. "आपल्या हॉलच्या तर नाहीच."

पत्ते खेळणारी माणसं सेझाननं इथल्याच शेतमजुरांना बसवून काढली. त्या मालिकेतलं एक चित्र अडीचशे दशलक्ष डॉलरच्या वर गेल्याच्या बातम्या होत्या. ह्यांनी त्याचे रुपये केले, मग पुन्हा केले, आणि गप्प बसले.

ग्राने संग्रहालयात गर्दी मुंगीला वाट न मिळेल अशी. शेवटच्या आठवड्यात जायची वेळ आलीच तर सकाळची पहिली वेळ घ्या. याच वास्तूतल्या मोफत चित्रशाळेत सेझान शिकला, १८५९ मध्ये दुसरं बक्षीसही मिळवलं. आणि याच संग्रहालयाच्या प्रमुखानं, आँरी पाँतिए त्यांचं नाव, मी जिवंत आहे तोवर इथं सेझान लागणार नाही असं म्हटलं होतं. शब्द पाळला. १९८४ मध्ये सरकारनं आठ चित्रं इथं ठेवायला दिली तेव्हा कुठे गावच्या पोराचा गावात प्रवेश झाला.

एका स्थिरचित्रापुढे मी थांबले. टेबलाची कड पांढऱ्या कापडाच्या डावीकडून आत शिरते आणि उजवीकडून बाहेर येते ती दोन बोटं खाली. मधलं कापड ती चोरी झाकतंय. बशी समोरून, तिच्यातली फळं वरून. मला सातवी-आठवीतला एक पोरगा आठवला. तांब्या असाच काढायचा. मी त्याच्या कागदावर लाल पेन्सिलनं लंबगोल काढून दिला होता, अगदी ठसठशीत. तो पोरगा सेझान होता असं मी मुळीच म्हणणार नाही. त्याला मापच कळत नव्हतं, आणि सेझानला माप कळत होतं म्हणून तर ते मोडायला तो नाणी लावत बसायचा. पण पेन्सिल उचलण्याआधी "असं का काढलंस?" एवढं तरी विचारायला हरकत नव्हती.

रात्री रिशेल्म चौकातल्या बाजारातून आणलेली तीन सफरचंदं (हात लावू नका, विक्रेती रागावते, तीच निवडून देते) खोलीतल्या टेबलावर मांडली. ह्यांच्या पाकिटातली वीस सेंटची दोन नाणी काढून एका सफरचंदाखाली सारली. फळ एवढंसं कललं आणि शेजारच्याला टेकलं. दोन तास लागले चित्राला. वाईट आलं, पण टेकलेलं आलं.

पाचवा दिवस: लेस्ताक आणि पाटवडी

परतीची गाडी मार्सेयहून संध्याकाळी होती, म्हणून सामान स्टेशनवर ठेवून लेस्ताकला गेलो. समुद्रकाठचं छोटं बंदर. १८७० च्या युद्धात सैन्यात भरती टाळायला सेझान ओर्तांसला घेऊन इथं येऊन लपला होता. त्यानं रंगवलेली लाल छपरं, धुराडी आणि भिंतीसारखा उभा निळा समुद्र यांतलं काही उरलंय, बरंच बदललंय. फार अपेक्षेनं जाऊ नका. खायला मात्र जरूर जा.

धक्क्यावर टपऱ्या आहेत, तिथं पानिस मिळतं. चार दिवस पाव आणि चीज खाऊन कंटाळलेल्या ह्यांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. "अगं, ही तर पाटवडी!" हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थापून गार करायचं, चकत्या कापून तळायच्या. हळद-तिखट नाही, वर नुसतं मीठ आणि मिरपूड. ह्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून लसणाच्या चटणीची डबी काढली, जी गेले पाच दिवस आहे हे मला सांगितलं नव्हतं. टपरीवाल्या बाईंनी बोटानं खूण करून चटणी मागितली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली, आणि पुन्हा मागितली.

दुसरी पुडी सांगितली. हे सुटे पैसे मोजायला लागले. एकदा मोजले, मग नाणी कट्ट्यावर मांडून बँकेत मोजायचे तशी थप्पी लावून मोजली.

"चाळीस सेंट कमी पडताहेत. काल रात्री होते पाकिटात, मी मोजले होते."

एक्समधल्या खोलीतल्या टेबलावर, डावीकडच्या सफरचंदाखाली. मी सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कट्ट्यावरच्या नाण्यांकडे. बाईंनी ती सगळी नाणी हातानं गोळा केली, न मोजता डब्यात टाकली, पुडी आमच्या हातात दिली आणि चटणीच्या डबीकडे बोट दाखवलं.